अनुमोदक

‘तुझं मतदान हाये का? न्हाई ना? मंग खाली बस.’

काकासाहेब खुर्चीतून उठलेबी न्हाईत. हातातला विषयपत्रिकेचा कागद पंख्यासारखा हलवत बोलले. साजिद बसला न्हाई. ‘मतदान न्हाई काका, पण घर तर हाये गावात. घरापुढं दोन वर्षं झाले पाणी साचून राह्यलं. मतदान नसलं तरी ते पायाला लागतंच.’ मागं कोणीतरी खुसकन हसलं. काकासाहेबांनी आधी त्या हसण्याकडं पाह्यलं, मंग साजिदकडं. ‘अरे पोरा, हितं देशाचा विषय चालू हाये, जगाचा विषय चालू हाये, अन् तुला नालीची पडली.’ ‘नालीचा विषय पाचवा होता. जगाचा सहावा. पाचवा कधी झाला ते कळलंच न्हाई.’ ‘झाला. मंजूर झाला. नाली पूर्ण. भाऊसाहेबांनी वाचला तव्हा तू मोबाईलात असशील.’ भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक भागवत. तो मान खाली घालून वहीत लिहीत होता आणि त्यानं मान वर केली न्हाई. काकासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको उषाबाई बसली होती. गावची सरपंच तीच, पण गाव काकासाहेबांनाच सरपंच म्हणायचं, आणि तीबी कधी म्हणत असंल.

साजिद मोबाईलात नव्हता. तो खिडकीजवळ उभा राहून फळा बघत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेचा हा हॉल, आणि याच हॉलातून दोन वर्षांखाली तो नववीतून उठून गेल्ता, तो परत आलाच नव्हता. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी सकाळीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं की साहेबांनी काहीबी विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत न्हाई त्यानं डावा. गुरुजी उजवा हात बघून उठवणार. साहेब आले, त्यांनी विचारलं, साठ हात वर गेले, साहेब खूश झाले. साजिदचा हात डावा होता आणि तो वर ठेवून ठेवून त्याच्या खांद्यात कळ आली, आणि त्या कळीतून एकदम राग आला, कोणाचा ते त्याला आजबी सांगता यायचं न्हाई, आणि तो उभा राहून म्हणला, साहेब, डावे हात मोजा. साहेबांना कळलं न्हाई. गुरुजींना कळलं. गालावर जे बसलं ते बसलं, पण साजिदला त्याचं काही वाटलं न्हाई. वाटलं ते याचं की बाकीच्या पोरांनी डावे हात गपचूप खाली घेतले. तो दप्तर तिथंच सोडून गेला. अम्मी दुसऱ्या दिवशी येऊन ते दप्तर घेऊन गेल्ती, आणि घरी ते अजून खुंटीला हाये, बाजारच्या पिशव्यांच्या मागं. आता त्याच हॉलात सतरंजीवर गाव बसलं होतं. तीसेक माणसं. वहीत मात्र एकशे बारा हजर होते.

‘सहावा विषय वाचा भाऊसाहेब,’ काकासाहेब म्हणले. ‘अन् जरा दमानं वाचा. पेपरवाल्याला लिहून घ्यायचंय.’ भागवतनं चष्मा वर सरकवला आणि वाचायला घेतलं. ठराव क्रमांक सहा. तिकडच्या त्या देशात जी लष्करी कारवाई चालू हाये तिला ही ग्रामसभा जाहीर पाठिंबा देते, ती कारवाई शेवटपर्यंत न्यावी, आणि आपल्या सरकारनंबी त्या कामी सैन्य पाठवावं अशी शिफारस करते. त्यानं देशाचं नाव वाचलं. मंग राजधानीचंबी वाचलं. भागवतच्या तोंडून ते नाव कसं तरी वाकडं निघालं, आणि साजिद फळा सोडून टेबलाकडं वळला, कारण त्या नावाच्या शहरात त्याचा मोठा भाऊ कलीम तीन वर्षांपासून एसी बसवायचं काम करून राह्यला. ‘कोणाची हरकत?’ कोणाचीच न्हाई. हात वर झाले. एक म्हातारा पेंगत होता, शेजारच्यानं त्याचा हात धरून वर केला आणि दोघं हसले. एकमताने मंजूर. साजिद मोजत होता, उजवे किती, डावे किती, आणि मोजता मोजता त्याला भागवतचा आवाज ऐकू आला. ठराव मांडणारे, म्हणजे सूचक, काकासाहेब. त्याला पाठिंबा देणार, म्हणजे अनुमोदक, श्रीमती ताहेरा शेख यासीन.

टाळ्या वाजल्या. साजिदला आधी ते नाव ओळखूच आलं न्हाई. घरी ती अम्मी. मोहल्ल्यात कलीमची माँ. कामावर ताहेराबाई. हे असं सगळं लांबलचक नाव फक्त रेशनकार्डावर आणि अब्बाच्या मृत्यूच्या दाखल्यावर, आणि त्या दोन कागदांना सोडून ते कधी कोणाच्या तोंडात आलं न्हाई. मंग त्याला पाच दिवसांखालचा सोमवार आठवला.

सोमवारी राजानंद त्याच्या दुकानात आल्ता. राजानंद ग्रामपंचायतीचा शिपाई, गुडघ्यानं अधू. साजिदचं दुकान म्हणजे रोडच्या कडेला पत्र्याचं शेड, तिथं तो रिक्षाचे अन् ट्रॅक्टरचे सीटकव्हर शिवतो. राजानंदनं हजेरीवही मशीनवर ठेवली. या गावात सभेला माणसं येत न्हाईत, म्हणून सभेआधी वहीच माणसांकडं जाते. वरचं अर्धं पान कोरं, खाली सह्या, मंग सभा झाली की वरती ठराव लिहायचे. कोणालाच त्याचं काही वाटत न्हाई. लग्नाच्या आहेरासारखं हाये ते, वही आली की सही द्यायची. ‘शंभर झाल्या न्हाईत तर सभाच भरणार न्हाई,’ राजानंद म्हणला, ‘अन् सभा न्हाई तर तुझ्या नालीचा सवाल कोण विचारणार? तुमच्या मोहल्ल्यात मला चढ चढवत न्हाई बाबा. तूच फिरव.’ आणि साजिदनं फिरवली. खुशीनं फिरवली. कागदावर पूर्ण झालेली नाली ख्वाजामियाँच्या दारापाशी संपते, पुढं साठ फूट नुसती रेघ मारलेली हाये फावड्यानं, आणि त्या साठ फुटातच साजिदचं घर. तो दारोदार म्हणला, चाचा सही करो, नाली का काम है. ख्वाजामियाँनी चष्मा शोधायला वेळ लावला तर साजिद चिडला, चाचा जल्दी करो ना, पढने का क्या है उसमें, कोरा तो है. अम्मी कणीक मळत होती. तिनं हात पुसले, बोट न् बोट पदराला पुसून नीट सुकं केलं, आणि उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडं, हळूहळू, शाळेतल्या पोरीसारखी. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत न्हाई. ‘काय को है रे?’ ‘नाली को, अम्मी.’ तिनं सहीवर फुंकर मारली होती, वाळावी म्हणून.

आणि आता तिची ती फुंकर मारलेली सही कलीमच्या डोक्यावर बॉम्ब टाका म्हणून राह्यली. साजिदला तो ट्रॅक्टरवाला आठवला, वडीगोद्रीकडचा, मागच्या आठवड्यात सीट शिवायला आल्ता आणि मोबाईल साजिदच्या तोंडापुढं धरून म्हणला होता, ‘हे बघ, पूर्ण बिल्डिंग. एका मिनिटात. अजून दोन टाकायला पाह्यजेत, तव्हा कळतंय.’ त्याच्याबरोबरचा दुसरा म्हणला, ‘डिझेल महाग होऊ नये म्हणजे झालं. बाकी काय करायचं ते करा म्हणा.’ तिसरा म्हणला आपलं सैन्य गेलं असतं तर चार दिवसांत निकाल लावला असता. सुई साजिदच्या अंगठ्यात गेल्ती आणि रेक्झिनवर रक्ताचा ठिपका पडला होता, तो त्यानं आतल्या बाजूला घेतला. पण खरं सांगायचं तर राग त्या ट्रॅक्टरवाल्याचा एकट्याचा नव्हता. असे व्हिडिओ साजिदनंबी पाह्यले होते, दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या साली, गाणं लावलेले. दोस्तांना पाठवलेबी होते. बिल्डिंग पडते तेव्हा आधी धूर येत न्हाई, आधी ती जरा खांदे पाडल्यासारखी खाली बसते, आणि ते बघायला त्याला मजा वाटली होती. त्या बिल्डिंगमधल्या कोणत्यातरी मजल्यावर एक एसी बसवणारा असंल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. या लढाईत कोण बरोबर अन् कोण चूक, हे त्याला अजूनबी बराबर सांगता यायचं न्हाई. ख्वाजामियाँ एक सांगतात, टीव्ही दुसरं सांगतो. पण त्याला कोणी विचारलंय का? अम्मीला कोणी विचारलंय? विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे तिचं तिला तरी सांगू द्या.

आणि खरी अडचण तर तिथंच होती. अम्मीला काही म्हाईतच नव्हतं. अकरा दिवसांखाली कलीमचा आवाजातला मेसेज आल्ता, सगळा मिळून बावीस सेकंदांचा. साजिद, मैं ठीक हूँ, कॅम्प में हूँ, नेट जाता-आता है, अम्मी को मत बताना, बोलना मेरी बदली हुई, दूसरे शहर गया, वहाँ रेंज नहीं. मागं कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज. साजिदनं तो मेसेज इतक्या वेळा ऐकला होता की त्याला कोणतं भांडं कधी आपटतं ते पाठ झालं होतं. तेव्हापासून साजिदच्या मेसेजांना एकच टिक, म्हणजे तिकडं पोचलेच न्हाईत. अम्मी रोज विचारायची, रेंज आली का रे? आणि साजिद रोज म्हणायचा, आएगी ना, पहाडी इलाका है. त्यानं पहाड कुठून आणले त्याचं त्यालाच ठाऊक. घरातली टीव्हीची वायर त्यानंच काढून ठेवली होती आणि बोर्ड जळला म्हणून सांगितलं होतं.

तो टेबलापाशी गेला. कसा गेला ते त्याला कळलं न्हाई, एका म्हाताऱ्याच्या बोटांवर पाय पडला एवढं कळलं. ‘भाऊसाहेब, हे नाव खोडा.’ भागवतनं पहिल्यांदा मान वर केली. ‘कोणतं?’ ‘अनुमोदक. माझी आई हाये ती. ती हितं न्हाईच. ती राधेश्यामशेठच्या बियाण्याच्या प्लॉटवर हाये कामाला. ती कधी म्हणली अनुमोदन?’ ‘हजेरीत सही हाये तिची.’ ‘सही नालीला घेतल्ती. मीच घेतल्ती.’ ‘मंग तूच घेतली ना,’ काकासाहेब म्हणले, आणि आता ते हसत होते, वाईट न्हाई, घरातल्या माणसासारखं. ‘अरे येड्या, आईचं नाव मोठं केलं तुझ्या. उद्या पेपरात येईल. भोकरदनपासून अंबडपर्यंत लोक वाचतील. अन् तुला म्हणून सांगतो, तुमच्यातल्या बाईचं नाव राह्यलं की उद्या तुमच्या मोहल्ल्याकडं कोणी बोट करणार न्हाई. तुमच्याच भल्याचं केलं मी.’ ते खरंच तसं समजत होते. हे साजिदला त्यांच्या डोळ्यांत दिसलं आणि त्याचा राग होता त्याच्या दुप्पट झाला. शिवी दिली असती तर ती परत देता आली असती, हे भलं कुठं परत द्यायचं? ‘आमचं भलं साठ फुटावर आडलंय काका,’ तो म्हणला. ‘ते आधी करा. भाईच्या अंगावर बॉम्ब मागून आमचं भलं नका करू.’ ‘कोणाच्या भावावर?’ ‘माझ्या. कलीमभाई त्याच शहरात हाये.’

कलीमला सगळे ओळखत होते. निम्म्या लोकांच्या घरचे पंखे त्यानं दुरुस्त केल्ते, हा हॉलातला डोक्यावरचा खडखडणारा पंखाबी त्यानंच बसवल्ता. जो माणूस पेंगणाऱ्या म्हाताऱ्याचा हात वर करत होता तो म्हणला, ‘अरे, तो दुबईला हाये ना?’ सगळ्या गावाला बाहेरचा देश म्हणजे दुबई. काकासाहेब म्हणले, ‘आधी सांगायचं ना पोरा.’ ‘आधी विचारायचं ना काका.’ भागवत खाकरला. ‘हे बघा, वहीत खाडाखोड चालत न्हाई. मंजूर झालं ते झालं. तुझ्या म्हणण्यावर मी एक अक्षर बदलू शकत न्हाई, तू मतदार न्हाईस. बाई सोता येऊन म्हणली की मी अनुमोदन दिलं न्हाई, तर मला खाली तसं लिहावं लागंल. मंग ठरावाला काही अर्थ राहत न्हाई. पण सभा संपली की संपली.’ ‘मंग संपवा,’ काकासाहेब म्हणले. ‘आभार माना अन् संपवा.’

तेव्हा उषाबाई बोलली. साजिदनं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, बारीक होता आणि थोडा घोगरा, सकाळपासून न वापरलेला. ‘अध्यक्ष मी हाये ना भाऊसाहेब?’ भागवत म्हणला हो. ‘मंग पाच वाजेस्तोवर वही मिटायची न्हाई. बाईला येऊ द्या.’ काकासाहेबांनी तिच्याकडं वळून पाह्यलं. तिनं पाह्यलं न्हाई. ती समोर वहीकडं बघत होती, जिथं तिची सहीबी होती, आणि ती कधी केली, कोऱ्या पानावर केली का भरल्या, हे तिचं तिलाच म्हाईत. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाल्ती.

साजिदनं वहीतल्या पानाचा फोटो काढला आणि कलीमची मोटारसायकल काढली. प्लॉट दोन किलोमीटर. रस्त्यानं जाताना त्याचं डोकं चालत होतं आणि वाक्यं जुळत नव्हती. अम्मी, एक बात है. अम्मी, भाई ठीक है, पण. अम्मी, मैंने झूठ बोला. त्याला वाटलं, न सांगता नेता येईल का? म्हणायचं, चल, नालीवर बोलायचंय. मंग तिथं ती टेबलापुढं उभी राहील आणि भागवत वाचून दाखवंल, आणि तिला तिच्या पोराची खबर ठरावातून कळंल, सगळ्यांसमोर. न्हाई. कोरं पान एकदा पुढं केलं, बस झालं. रस्त्याच्या मोरीपाशी गाडी थांबवून त्यानं मोबाईल तोंडापाशी धरला. ‘भाई, मी अम्मीला सांगून राह्यलो. तुला गुस्सा आला तर येऊ दे. फोन करून शिव्या दे.’ एक टिक.

प्लॉट बियाण्याच्या कापसाचा होता. बाया ओळीनं वाकलेल्या. सकाळी नर फूल मादीवर घासायचं, आणि दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरून नखानं सोलायची, आतले परागाचे पिवळे तुरे काढून टाकायचे, खुणेला लाल कागद लावायचा. सोललेली कळी उद्यापर्यंत कोणाचीच न्हाई, ज्याचं फूल घासाल त्याची. अम्मीच्या अंगठ्याचं नख या कामासाठी वाढवलेलं आणि पिवळं झालेलं. तिनं साजिदला बांधावर पाह्यलं आणि हातातली कळी सोडली न्हाई. ‘क्या हुआ?’ त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, पहाडी इलाका पण सांगितला, टीव्हीची वायर पण, मेसेजबी ऐकवला. बावीस सेकंद. भांडं आपटलं तिथं तिनं डोळे मिटले. मंग त्यानं मोबाईलातला वहीचा फोटो उघडून ठराव वाचला, अडखळत, सूचक वाचलं, अनुमोदक वाचलं आणि तिचं ते लांब नाव वाचलं. शेजारच्या ओळीतली केशरबाई कमरेवर हात ठेवून उभी राह्यली होती.

‘ग्यारह दिन,’ अम्मी म्हणली. ‘ग्यारह दिन तू मेरे सामने बैठ के रोटी खाया.’ तिनं मारलं न्हाई. मारायला पाह्यजे होतं. तिनं फक्त विचारलं, ‘कितने बजे तक?’ ‘पाँच.’ तिनं ओळीकडं पाह्यलं, अर्धी राह्यली होती, आणि आज सोललं न्हाई तर उद्याचं बी बिघडतं आणि ओळ तिच्या नावावर हाये. ‘तू जा बाई,’ केशरबाई म्हणली, ‘मी बघते तुझी वळ. पोरगं हाये तिकडं तुझं.’ अम्मीनं मान हलवली, पण हातातली कळी तेवढी पुरी केली, तुरे झटकले, लाल कागद लावला, आणि मंग पदराला हात पुसले, बोट न् बोट, सहीच्या दिवशी पुसले तसे.

‘अम्मी, मी बोलतो तिथं. तू फक्त हो म्हण,’ साजिद म्हणला. ‘काकासाहेब गोड बोलतील, भागवत कायदा सांगंल. मला म्हाईत हाये त्यांना कसं-’

‘तू चुप बैठना,’ ती म्हणली. ‘तेरा वोट नहीं है.’

आणि ती गाडीवर मागं बसलीबी, एका बाजूला दोन्ही पाय, पिवळं नख त्याच्या खांद्यात रुतवून. मोबाईल तिनंच घेतला, मुठीत धरला. टिक एकच हाये. चार वाजून अडतीस मिनिटं झाली, किक अजून मारायची हाये, आणि साजिदला आता निघायला पाह्यजे.